डाव्या अंगठ्याचा ठसा : कामावरच्या जखमेच्या भरपाईचा इतिहास

आजचा भाग मी काशीहून करतोय. ब्रह्माघाट, दुर्गाघाट हा इथल्या जुन्या मराठी वस्तीचा भाग. माझ्या आत्याचं घर इथल्याच एका गल्लीत आहे, आणि निवृत्तीनंतर माझं येणं-जाणं वाढलंय. मागच्या काही भागांत आपण लढायांबद्दल बोललो. आज ज्या लढाईबद्दल सांगणार आहे, तिच्यात तोफ नाही, घोडा नाही. आहे तो एक कागद.

आत्याच्या शेजारी एक मिस्त्री भाड्याने राहायचा. गंगेपलीकडच्या चंदौलीकडचा, तीस वर्षांचा, कामाला वाघ. शहरातल्या एका बांधकामावर माल वर चढवणाऱ्या यंत्राच्या दोरात त्याचा उजवा हात अडकला आणि अंगठा गेला. चार दिवसांनी त्याची बायको आत्याकडे आली. मला म्हणाली, "कर्नल साहब, ठेकेदार बीस हजार दे रहा है. कागज पर अंगूठा लगाने को कहता है. लगा दें?"

उजवा अंगठा तर राहिलाच नव्हता. ठसा मागत होते तो डाव्याचा.

मी तिला म्हटलं, थांबा, आधी दवाखान्याचा कागद दाखवा. कागदावर लिहिलं होतं : घरच्या पाण्याच्या मोटरीत हात अडकला. भरती करताना ठेकेदाराचा माणूस बरोबर होता, त्याने सांगितलं ते खिडकीवरच्या कारकुनाने उतरवून घेतलं. मिस्त्री त्या वेळी शुद्धीवर होता, पण त्याला कोणी विचारलंच नाही.

ती एक ओळ वाचली आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण तशीच एक ओळ लिहिण्याचं मी स्वतः एकदा टाळलं होतं. ते शेवटी सांगतो. आधी इतिहास बघू, म्हणजे त्या ओळीची किंमत कळेल.

आधी काय होतं?

एकोणिसाव्या शतकात कामावर हात तुटला तर नियम सोपा होता : नशीब. १८५५ साली हिंदुस्थानात प्राणांतिक अपघातांचा कायदा आला. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला, तर त्याच्या कुटुंबाला दावा लावता येई. पण चूक सिद्ध करायची कोणी? मेलेल्याच्या बायकोने. दिवाणी कोर्टात, वकील लावून, गिरणीमालकाविरुद्ध.

इंग्लंडमधल्या कामगाराचीही गत फार बरी नव्हती. तिथल्या न्यायालयांनी १८३७ पासून एक तत्त्व धरलं होतं : सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली असेल, तर मालक जबाबदार नाही. शिवाय, धोका माहीत असून कामावर आलास, म्हणजे तो तू पत्करलास, हेही होतंच.

आता मुंबईला या. १८८१ चा फॅक्टरी कायदा झाला. धोकादायक यंत्रांना कुंपण घाला, अपघात झाला तर कळवा, असं त्यात होतं. पण ज्याचा हात गेला त्याला काय मिळणार, यावर कायदा गप्प होता.

लोखंड्यांच्या अर्जातलं विसरलेलं कलम

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव मराठी माणसाला रविवारच्या सुट्टीमुळे ठाऊक असतं. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली आणि सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे एक अर्ज ठेवला. अर्जाच्या पाठीशी पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्या होत्या.

रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, वेळेवर पगार, या मागण्या आपल्याला आठवतात. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती : काम करताना कामगाराला गंभीर इजा झाली, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला, तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

मंडळी, या मागणीत मालकाची चूक होती का, हा प्रश्नच नाही. कामावर असताना जखम झाली, एवढं पुरे. गंमत बघा, १८८४ सालीच जर्मनीत बिस्मार्कने अपघात विम्याचा कायदा केला, तोही याच पायावर. बर्लिनमध्ये एक बलाढ्य चॅन्सेलर जे करत होता, ते परळच्या मैदानात साचेवाले आणि जॉबर मागत होते. सुट्टी १८९० साली मिळाली. जखमेचं कलम मात्र तसंच पडून राहिलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये मुंबईच्या प्लेगमध्ये लोखंडे गेले. त्याच वर्षी ब्रिटनने आपल्या कामगारांसाठी भरपाईचा कायदा केला. हिंदुस्थानातल्या कामगाराला अजून पाव शतक थांबायचं होतं.

१९२३ : चूक विचारू नका, काम विचारा

पहिलं महायुद्ध संपलं, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना उभी राहिली. १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेला हिंदुस्थानच्या कामगारांतर्फे गेले ते ना. म. जोशी. रायगडमधल्या गोरेगावचे, सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक. १९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नेमलेले प्रतिनिधी होते. त्या सभागृहाने मार्च १९२३ मध्ये कामगार भरपाई कायदा केला आणि १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला.

या कायद्याचं हृदय एका वाक्यात आहे : नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात अपघाताने इजा झाली, तर मालकाने भरपाई द्यायची. चूक कोणाची, हा प्रश्न बाजूला. दारूच्या नशेत असणं, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं असे थोडे अपवाद ठेवले, पण मृत्यू झाला तर तेही लागू नाहीत. दिवाणी कोर्टाऐवजी स्वतंत्र आयुक्त नेमला. सुरुवातीच्या रकमा आज हसू येईल अशा होत्या : मृत्यूसाठी तीस महिन्यांचा पगार, पण कमाल २,५०० रुपये, कायमच्या पूर्ण अपंगत्वाला बेचाळीस महिन्यांचा, कमाल ३,५००. पहिल्या दहा दिवसांचं काहीच नाही. पुढे ही दहा दिवसांची अट तीनवर आली, रकमा वाढल्या, आणि २००९ च्या दुरुस्तीने औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्चही मालकावर आला.

आता आपल्या मिस्त्रीचा हिशेब करू. त्याचा अपघात जुना कायदा चालू असतानाचा. त्याची मजुरी महिन्याला १५,००० रुपये. हिशेबासाठी कायदा तेवढीच कमाल धरायचा. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराचे ६० टक्के, म्हणजे ९,०००. त्याला वयाच्या गुणकाने गुणायचं. तिशीचा गुणक २०७.९८. उत्तर येतं १८,७१,८२० रुपये. अंगठा जाणं म्हणजे कमाईची क्षमता ३० टक्के गेली, असं कायद्याचं परिशिष्ट सांगतं. तेव्हा निदान ५,६१,५४६ रुपये.

आणि ठेकेदार देत होता वीस हजार.

निदान असं का म्हटलं? १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. न्यायालयाने म्हटलं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्वच. टक्केवारी शरीराची मोजायची नसते, कमाईची मोजायची असते. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही त्याच निकालात आहे. महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. हक्क सोडून देणाऱ्या कागदावर कामगाराने अंगठा उठवला, तरी कायद्यापुढे तो करार रद्दबातल. म्हणून मी त्या बाईंना म्हटलं, अंगठा द्यायचा नाही.

बाबासाहेब, आडारकर आणि कानपूर

एक अडचण उरली होती. भरपाई द्यायची मालकाने, आणि मालकच बुडाला किंवा पळाला तर? १९४२ ते १९४६ बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्या काळात प्रा. बी. पी. आडारकर यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं गेलं. त्यांचा अहवाल १९४४ साली आला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. कानपूरला उद्घाटनाला पंडित नेहरू होते. काशीत पांडेयपूरला जे ईएसआय रुग्णालय आहे, ते याच झाडाची फांदी. या योजनेत जखमी माणसाला एकरकमी पैशांऐवजी दरमहा पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, आणि ती मालक बुडाला तरी थांबत नाही. मात्र ज्याला हा विमा लागू आहे, त्याला त्याच जखमेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही.

पण काशीकडे नीट बघा. रेल्वे इंजिनांचा कारखाना आहे, तिथल्या माणसाकडे नोंद आहे, ओळखपत्र आहे. मदनपुरा, अलईपुरातल्या घराघरांतल्या मागांवर बसणाऱ्या विणकराकडे काय आहे? त्याला साडीमागे मजुरी मिळते. अपघात झाला तर मालक कोण, इथूनच वाद. आणि बांधकामावर मुख्य ठेकेदार, त्याच्याखाली पोटठेकेदार, त्याच्याखाली मुकादम. जखम झाली की प्रत्येक जण खालच्याकडे बोट दाखवतो. १९२३ च्या कायद्याने हे ओळखलं होतं. आपल्या धंद्याचं काम पोटठेकेदाराकडून करून घेणारा मुख्य ठेकेदार भरपाई द्यायला बांधील आहे. पुढे त्याने ती पोटठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा प्रश्न.

सानुग्रह म्हणजे काय?

१५ मे २०१८ ला इथल्या कँट स्टेशनजवळ चौकाघाटच्या उड्डाणपुलाच्या तुळया रस्त्यावरच्या गाड्यांवर कोसळल्या. सरकारने मृतांच्या कुटुंबांना पाच-पाच लाख जाहीर केले. अशा रकमेला आपण सानुग्रह अनुदान म्हणतो. शब्दातच सगळं आलं : अनुग्रहाने दिलेलं. देणाऱ्याची मर्जी. घ्यावं, जरूर घ्यावं. पण कामगाराची भरपाई हा अनुग्रह नाही. तिला वय, पगार आणि जखम यांचं गणित आहे, आणि ते मागताना हात जोडावे लागत नाहीत.

हे मी उशिरा शिकलो. तरुण अधिकारी असताना एका डोंगराळ रस्त्याच्या कामावर माझ्या देखरेखीखाली स्थानिक मजूर होते. दगडाखाली एकाची दोन बोटं चिरडली. मी त्याला मलमपट्टी करवली, खिशातून पैसे दिले, जीप देऊन घरी पाठवलं. माझा जवान असता तर त्याच दिवशी जखमेचा अहवाल भरला असता, चौकशी झाली असती, जखम कर्तव्यावर झाली की नाही याची सही झाली असती, आणि त्या सहीवर पुढे त्याला अपंगत्वाचं निवृत्तिवेतन मिळालं असतं. मजुराची नोंद कुठेच केली नाही. कोणी मनाई केली नव्हती. मला सुचलं नाही, आणि वर मी स्वतःला दयाळू समजत होतो. कायद्याने त्या दोन बोटांची किंमत २० टक्के ठरवलीये. माझ्या दयेने ती माझ्या खिशातल्या नोटांवर आणली.

तेव्हा काय करायचं?

जखमी माणसाबरोबर दवाखान्यात जाल, तेव्हा अपघात कुठे, कधी, कोणतं काम करताना झाला हे तुम्ही सांगा, आणि लिहिलेलं वाचून घ्या. मालकाला लेखी कळवा, साधा व्हॉट्सअॅप निरोपही ठेवा. हजेरीच्या वहीचा, जागेचा, यंत्राचा फोटो त्याच दिवशी काढा. सोबतच्या दोघांची नावं, नंबर लिहून घ्या. मग श्रम खात्याच्या कार्यालयात विचारा, कारण भरपाईचा दावा कोणापुढे चालतो हे राज्याराज्यांत वेगळं आहे. मुदत आहे म्हणून बसून राहू नका. साक्षीदार मजूर हंगाम संपला की गावी जातात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. भरपाईचा साचा तोच आहे. शिवाय घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, आता त्यात येतो.

आपल्या मिस्त्रीचं काय झालं? मुकादमाच्या हजेरीच्या पानाचा फोटो एका मजुराच्या फोनमध्ये निघाला. त्या दिवशीची त्याची हजेरी त्यात आहे. दावा मुख्य ठेकेदारावर लावलाय. दवाखान्याची ती ओळ आड येते आहे, आणि दर तारखेला समोरचा वकील तीच वाचून दाखवतो. निकाल अजून लागायचा आहे. तोवर मिस्त्री डाव्या हाताने थापी धरायला शिकतोय.

लोखंड्यांच्या अर्जाखाली पाच हजार गिरणी कामगार उभे राहिले, कारण लिहिलेलं टिकतं हे त्यांना ठाऊक होतं. तुमच्या घरी रंगारी येतो, सुतार येतो, सोसायटीत लिफ्टचं काम चालतं. कोणाला लागलं तर पैसे जरूर द्या. पण आधी लिहा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.