दृष्टी-बाह्यकातील कलनिवड आणि अवरोधक जोडण्या : एका वादाचा इतिहास

प्रस्तावना :
उभी रेषा डोळ्यांसमोर येताच मेंदूच्या दृष्टी-बाह्यकातील काही चेतापेशी उद्दीपित होतात; तीच रेषा आडवी केल्यास त्या जवळजवळ शांत राहतात. या गुणधर्मास कलनिवड म्हणता येईल. ती केवळ उद्दीपक जोडण्यांमुळे घडते, की चेतापेशींना आवरणाऱ्या अवरोधक जोडण्यांमुळे, या वादाच्या प्रमुख टप्प्यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वादाचे टप्पे :
डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टेन वीझेल यांनी मांजराच्या बाह्यकातील हा गुणधर्म १९५९ मध्ये मांडला. ज्यांची ग्रहणक्षेत्रे एका ओळीत येतात अशा थॅलॅमसमधील पेशी एकाच बाह्यकपेशीस जोडल्या गेल्या, की त्या ओळीच्या कलाची रेषा तिला सर्वाधिक उद्दीपित करते, असे स्पष्टीकरण त्यांनी १९६२ मध्ये दिले. यात मुख्य भार उद्दीपनावर होता.

१९७५ मध्ये सिलिटो यांनी बायक्युक्युलीन वापरून गॅबा या अवरोधक रसायनाचे कार्य रोखले, तेव्हा अनेक पेशींची कलनिवड क्षीण झाली. साहजिकच अवरोधाचे महत्त्व वाढले. परंतु १९९४ मध्ये नेल्सन, मृगांक सूर व सहकाऱ्यांनी एकेका पेशीच्या आतून अवरोध रोखला. तरीही तिची निवड टिकून राहिली.

विवेचन :
हे निष्कर्ष वरकरणी परस्परविरोधी वाटतात. तथापि पहिल्या प्रयोगातील औषध आसपासच्या पेशींपर्यंतही पोहोचू शकत होते. दुसऱ्यात केवळ एका पेशीचा अवरोध थांबला, तिला संदेश पुरविणारे जाळे अबाधित होते. म्हणून दुसऱ्या प्रयोगाने त्या जाळ्यातील अवरोध अनावश्यक ठरत नाही. सोमर्स, नेल्सन व सूर यांच्या १९९५ च्या प्रतिमानात थॅलॅमसकडून मिळणारा सौम्य कल बाह्यकांतर्गत उद्दीपन व अवरोध यांच्या समतोलातून तीक्ष्ण होतो. २०१२ मध्ये उंदरांवर प्रकाशनियंत्रित प्रयोग झाले. पार्व्हाल्ब्युमिनयुक्त अवरोधक पेशी निवड तीक्ष्ण करतात, असे एका गटास आढळले. इतरांच्या मते त्या मुख्यतः प्रतिसादाची तीव्रता बदलतात.

निष्कर्ष :
उद्दीपन कलनिवडीचा पाया घालते आणि अवरोध तिला मर्यादा व स्थैर्य देतो, असे म्हणणे सयुक्तिक ठरते. मात्र या इतिहासाचा खरा बोध पद्धतीविषयीचा आहे. प्रयोगाने नेमका कोणता प्रश्न विचारला हे न पाहता त्याचे उत्तर स्वीकारले, तर वाद मिटत नाहीत, केवळ लांबतात.