घाटातला आवाज आणि कडेवरचं बाळ

चैत्र लागला की आपल्या घोडेगावच्या आसपास घराघरात हिशेब सुरू होतो. आधी कुठल्या गावची यात्रा, नंतर कुठली, माहेरवाशिणी कधी येणार, मासवडीला बेसन किती लागेल. पुरुषमंडळींचा हिशेब वेगळा: गाडा कुणाचा, बारी कितवी, घोडी कोण धरणार. या सगळ्यात एक प्रश्न दरवर्षी येतो आणि तो फक्त आपल्यालाच पडतो. घरात तान्हं बाळ असेल तर घाटावर जायचं की नाही? आज त्याबद्दल बोलू, पण जरा मागून सुरुवात करून.

आमच्या गटातल्या थोरल्या बायांना विचारलं, तुम्ही लेकरं घेऊन घाटावर जात होता का? त्या हसल्याच. एक म्हणाली, "अगं, आम्हाला कुणी घाट दाखवला होता?" त्यांच्या वेळी यात्रा म्हणजे देवाचा नैवेद्य, पालखी, बांगड्या भरणं, पाळणे आणि पाहुण्यांच्या पंगती. बैलगाडा पुरुषांचा. घाट म्हणजे गावाबाहेरचा तो चढाचा पट्टा, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, मधून चार बैल आणि पुढे घोडी. एकेक बारी काही सेकंदांची, पण त्या सेकंदांवर वर्षभराची इज्जत. घाटाचा राजा कोण ठरला, फळीफोड कुणाची झाली, याची चर्चा पुढच्या यात्रेपर्यंत पुरते. बायका ते सगळं दुरून, कुणाच्या तरी गच्चीवरून नाहीतर टेकाडावरून बघायच्या, तेही जेवणं उरकली तर.

पण लेकरं यात्रेत असायचीच. ठेवणार कुणाकडे? कुंची घालायची, टोपड्याचे बंद हनुवटीखाली बांधायचे, कानात कापसाचा बोळा, कपाळाला तीट, आणि लुगड्याची झोळी झाडाला बांधून त्यात बाळ. कापूस कशाला, असं विचारलं तर उत्तर आलं, "वारं लागू नये म्हणून." आवाजाचं नाव कुणीच घेतलं नाही. आम्हाला आधी नवल वाटलं, मग लक्षात आलं. तेव्हा यात्रेत हलगी होती, ढोल होता, सनई होती आणि माणसांची ओरड होती. माणसाचा घसा दुखला की तो थांबतो. हलगीवाल्याचा हात भरला की तोही बसतो. यंत्राला घसाही नाही आणि हातही नाही. कर्णा आला, मग जनरेटर आला, मग ट्रकवर रचलेले डब्बे आले.

आता मधला भाग, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुलै २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने बैलाला खेळ करून दाखवायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर आपल्याकडच्या शर्यतीही बंद ठेवल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला, पण तो उच्च न्यायालयात अडकला. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांनी तो कायदा कायम केला. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यात त्या दिवशी भंडारा उधळला गेला हे तुम्हाला आठवत असेल.

बंदी चूक की बरोबर, यावर आमच्या गटातच दोन तट आहेत आणि ते आज सोडवायचे नाहीत. आम्हाला वेगळंच सांगायचं आहे. त्या दहा वर्षांत या भागात किती मुली सून म्हणून आल्या! त्यांनी घाट नुसता ऐकला होता. २०२२ च्या उन्हाळ्यात घाट पुन्हा भरले तेव्हा या सुना पहिल्यांदा बघायला निघाल्या, कुणी अडवलंही नाही. काळ बदलला होता, मोबाइलवर सगळं दिसतच होतं. पण दहा वर्षांत आणखी एक गोष्ट बदलली होती. घाट थांबला होता, तसा आवाज थांबला नव्हता. तो लग्नात, मिरवणुकीत, वाढदिवसाला वाढतच गेला आणि घाट सुरू झाल्याबरोबर तिथेही येऊन बसला.

आमच्यातल्याच एकीचं बाळ तेव्हा तीन महिन्यांचं होतं. ती नको म्हणत होती. आम्हीच म्हटलं, चल गं, बाळाची पहिली यात्रा आहे. वैशाखाचं ऊन, सावली फक्त मंडपाला, म्हणून बाळंतिणी आणि म्हाताऱ्या तिथेच टेकल्या. मंडपाच्या खांबाला कर्णा बांधलेला. बारी सुटली की निवेदकाचा आवाज चढायचा, त्यावर डीजे, त्यावर फटाक्यांची माळ. बाळ आधी दचकलं, मुठी आवळल्या, रडून रडून लाल झालं आणि मग झोपलं. "बघ, सवय झाली," असं आम्हीच तिला सांगितलं. घरी गेल्यावर दोन दिवस ताटली वाजली तरी ते किंचाळत उठायचं. पुढे कान तपासून घेतले, ते नीट निघाले. पण तपासायला जाईपर्यंत तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि आम्हीही तिच्याशी नजर भिडवून बोलत नव्हतो.

त्यानंतर आम्ही वाचून, विचारून जे समजून घेतलं ते असं. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे १५ हजार पेशी असतात, त्याच आवाज पकडतात. मोठ्या आवाजाने त्या मोडल्या की पुन्हा येत नाहीत. बाळाच्या कानाची नळी लहान आणि अरुंद असते, त्यामुळे कर्कश, बारीक आवाज आत जाऊन आपल्यापेक्षा जास्त जोराने आदळतो. झोपलेल्या बाळाचा कान बंद होत नाही. थकून झोपणं आणि आवाज सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटातल्या बाळालाही साधारण सहाव्या महिन्यापासून ऐकू येऊ लागतं, तेव्हा दिवस गेलेल्या बाईनेही डब्ब्यांच्या भिंतीपाशी बसू नये.

आवाज मोजायचं माप डेसिबल. आपण गप्पा मारतो तो साधारण ६०. कारखान्यात काम करणाऱ्या मोठ्या माणसासाठी ८५ डेसिबलला आठ तास, आणि १०० डेसिबल असेल तर फक्त १५ मिनिटं, अशी मर्यादा तज्ज्ञ सांगतात. ही मर्यादा धडधाकट माणसाची आहे, तान्ह्याची नाही. आणि आपण तर सकाळी गेलेलं लेकरू दिवे लागायला घरी आणतो.

कापसाचं काय? साध्या कापसाने आवाज अगदी थोडाच कमी होतो, आणि बोळा आत सरकला तर वेगळाच त्रास. तेलही घालू नका. कान बाहेरून पूर्ण झाकणारे मऊ कानपट्टे मिळतात, त्यांनी बराच फरक पडतो. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा पोहणारा मायकेल फेल्प्स पदकं मिळवत होता तेव्हा त्याचा तीन महिन्यांचा मुलगा आईच्या कडेवर असे आणि त्याच्या कानावर मोठाले कानपट्टे. तो फोटो जगभर गेला. आमच्यातली एक फोटो बघून म्हणाली, "आपली कुंचीच आहे की, फक्त जाड." तितकी सोपी गोष्ट नाही, पण कल्पना तीच.

दुसरा फोटो आम्हाला जास्त आवडला. ६ मार्च २०२२, न्यूझीलंड, बायकांचा क्रिकेटचा विश्वचषक. पाकिस्तानची कर्णधार बिस्माह मारूफ सहा-सात महिन्यांची लेक घेऊन आली होती. सामना भारताने जिंकला आणि मग आपल्या मुली त्या बाळाभोवती गोळा झाल्या. बिस्माह खेळू शकली, कारण बाळ सांभाळायला तिची आई सोबत होती आणि तशी सोय त्यांच्या मंडळाने करून दिली होती. म्हणजे आईने कुठे जावं हा प्रश्नच नव्हता. बाळ कुणी धरायचं, एवढंच ठरवायचं होतं.

आता आपल्या घाटाकडे. २०१७ च्या कायद्याखालच्या नियमांत बैलांना पशुवैद्यकाने तपासायचं आहे, त्यांना इजा करणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चांगलंच आहे. आवाजाचे नियम त्याहून जुने, २००० सालचे: वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद. पण घाटावर बैलाची दाद मागणारा कुणी ना कुणी असतो. कानाची दाद मागायला आम्ही तरी कधी गेलो होतो?

म्हणून गेल्या वर्षी आम्ही सात जणी यात्रा कमिटीच्या बैठकीला गेलो. बायका कमिटीत बसत नाहीत, दारात उभ्या राहिलो. तीन गोष्टी मागितल्या. बायकामुलांची सावली कर्ण्यापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला असावी, म्हणजे भंडारा आणि धुरळाही नाकाडोळ्यांत जाणार नाही. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, एवढा हिशेब आम्ही पाठ करून गेलो होतो. कर्ण्याचं तोंड त्या बाजूला नसावं. आणि फटाके बारी सुरू असताना नकोत, त्याने बैलही बुजतात. ही शेवटची मागणी लगेच मान्य झाली. बैलांचं नाव होतं ना त्यात.

सावलीचा मंडप मिळाला, पण निम्माच. कर्ण्याचं तोंड सकाळी फिरवलं होतं, दुपारी कुणीतरी पुन्हा वळवलं. आमच्यातल्या दोघी मग आलटून पालटून गावातल्या अंगणवाडीजवळच्या घरात लेकरं घेऊन बसल्या, आणि त्यांच्या आया दोन-दोन तास घाट बघून आल्या. तिथे सहा बाळं होती. एकीने सगळ्यांच्या आयांना सांगितलं, अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा बाळाला ऐकू येतं का ते विचारून घ्या. हाक मारल्यावर मान वळत नसेल, टाळीला दचकत नसेल, तर पथकाची वाट न बघता दवाखाना गाठा.

यंदाची बैठक पाडव्यानंतर आहे. मंडप पूर्ण मागायचा, कर्णा खांबाला तारेने पक्का बांधून घ्यायचा, आणि त्या घरातल्या पाळीला आणखी चार नावं हवीत. ज्यांना द्यायची असतील त्यांनी शुक्रवारी गटाच्या बैठकीत सांगा.