मोठा मासा: भिंतीवर, साच्यात की पाण्यात?

श्रोतेहो, गळाला मोठा मासा लागला म्हणजे आपल्या गावात पहिला विचार येतो तो कालवणाचा. त्यात वावगे काहीच नाही. परंतु इंग्रजी अमलात लांब काठी आणि दोऱ्याची चरखी घेऊन साहेबलोक आपल्या नद्यांवर येऊ लागले, तेव्हा आणखी एक प्रश्न निर्माण झाला. पोटासाठी न धरलेल्या या माशाचे पुढे करायचे काय? वाघाप्रमाणे त्यात पेंढा भरून तो भिंतीवर लावायचा, त्याची हुबेहूब प्रतिकृती करून घ्यायची, की त्याला परत पाण्यात सोडायचे? हा प्रश्न वरवर हौशी माणसांचा वाटतो. पण पुणे जिल्ह्यातल्या नद्यांचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्याचे उत्तर आपल्याही कामाचे आहे असे दिसून येईल.

प्रथम या तीन वाटा समजून घेऊ. माशात पेंढा भरणे हे वाघ-हरणात भरण्यापेक्षा अवघड काम. माशाची कातडी पातळ आणि तेलकट असते. खवले सुटतात, पर वाळून तुटतात आणि मासा मरताच अंगावरचा रंग उडू लागतो. म्हणून भिंतीवरच्या माशाचा सोनेरी रंग हा पुष्कळदा कारागिराच्या कुंचल्याचा असतो. दुसरी वाट साच्याची. मेलेल्या माशावर प्लास्टर ओतून साचा घ्यावयाचा, त्यातून नकल काढावयाची आणि ती रंगवावयाची. पुढे फायबरग्लास आले आणि मासा मारण्याचीही गरज उरली नाही. लांबी, घेर आणि छायाचित्र एवढ्यावर प्रतिकृती होऊ लागली. तिसरी वाट म्हणजे माप घेऊन मासा पुन्हा पाण्यात सोडणे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. पिंपरी-चिंचवड आणि चाकण म्हटले की आज कारखान्यांची धुराडी आणि मोटारगाड्या डोळ्यांसमोर येतात. परंतु हा सारा मुलूख नद्यांचा आहे. चिंचवडवरून वाहणारी पवना दापोडीला मुळेस मिळते. पुढे मुळा आणि मुठा यांचा पुण्यात संगम होतो. लोणावळ्याच्या डोंगरातून निघालेली इंद्रायणी देहू, मोशी, आळंदी करीत तुळापूरला भीमेच्या ओटीत जाते. चाकण ह्या इंद्रायणीच्या आणि भामेच्या मधल्या पठारावर वसले आहे. ह्या सर्व पाण्याचा राजा म्हणजे महसीर मासा. आपल्याकडे त्याला खडशी असेही म्हणतात. मोठे खवले, जाड ओठ आणि वाहत्या, स्वच्छ, दगडगोट्यांच्या पाण्याची आवड ही त्याची लक्षणे.

या माशाला शास्त्रात नाव मिळाले ते आपल्याच नदीवरून. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांना 1824 साली मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिक माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. हे गृहस्थ शेते, पिके आणि माणसे मोजता मोजता पक्षी आणि मासेही टिपून ठेवीत. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महसीराचे त्यांनी वर्णन केले आणि 1839 साली त्याला 'खुद्री' हे नाव दिले. हा शब्द इथल्याच लोकांच्या तोंडचा. दुसऱ्या एका माशाचे नाव त्यांनी 'कोलूस' ठेवले, आणखी एकाचे 'सिंगटी'. मावळातल्या आणि भीमथडीतल्या कोळी-भोयांची बोली अशी लंडनच्या ग्रंथात जाऊन बसली, आणि जगभरचे शास्त्रज्ञ आजही ती नावे उच्चारतात. साइक्ससाहेबांच्या निबंधाबरोबर माशांची चित्रे होती. त्या चित्रांमुळे आणि वर्णनांमुळे त्या काळी आपल्या नदीत काय पोहत होते, हे आज आपल्याला कळते.

याच्या उलट गोष्ट दक्षिणेतल्या कावेरीची. तिथे पाठीला कुबड आणि नारिंगी पर असलेला एक प्रचंड महसीर राहतो. 1919 साली रिव्हेट-कार्नाक नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 119 पौंडांचा मासा धरला. 1946 च्या मार्च महिन्यात काबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा, मासा काढून तो उच्चांक मोडला. म्हैसूरचे हे व्हॅन इंगेन घराणे शिकारीच्या जनावरांत पेंढा भरण्यासाठी देशोदेशी प्रसिद्ध होते. अशा माशांची डोकी, कातडी आणि तळहाताएवढे खवले क्लबांच्या आणि बंगल्यांच्या भिंतींवर गेले. आणि तरीही, श्रोतेहो, ह्या माशाला शास्त्रात पक्की ओळख नव्हती! कावेरीच्या पांबार या उपनदीतल्या माशांवरून 2007 साली एका जातीचे वर्णन झाले; कावेरीतला तो कुबडाचा महसीर याच जातीचा, हे 2018 साली दाखविण्यात आले. त्याच वर्षी तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर असल्याचेही जाहीर झाले. शंभर वर्षे माणसे त्याचा फोटो काढीत होती, त्याला भिंतीवर लावीत होती; त्याची विचारपूस मात्र कोणी केली नाही.

त्याची संख्या घटत चालली हे कशावरून समजले? मासे परत सोडणाऱ्यांच्या नोंदींवरून. कावेरीकाठी गळ टाकणाऱ्यांच्या छावण्या होत्या. तिथे धरलेला मासा तोलून, जात लिहून, पुन्हा पाण्यात सोडण्याचा नियम असे. 1998 ते 2012 या वर्षांतल्या अशा नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा दिसले की कुबडाचा महसीर कमी कमी होत गेला आणि निळसर परांचा दुसरा महसीर वाढत गेला.

हा निळसर परांचा पाहुणा कावेरीत आला कोठून? इथे गोष्ट पुन्हा आपल्या इंद्रायणीकाठी येते. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने वळवण येथे धरण बांधले होते. त्या परिसरात 1970 च्या सुमारास खुद्री महसीराची कृत्रिम पैदास सुरू झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि श्री. एस. एन. ओगले यांनी हे काम नावारूपास आणले. धरणांमुळे माशांची वर चढण्याची वाट बंद झाली होती, सुरुंगाच्या दारूने मासेमारी चालू होती. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास 1897 च्या कायद्याने बंदी आहे, हेही येथे सांगून ठेवतो. अशा वेळी हातांनी अंडी काढून, पिले वाढवून ती पाण्यात सोडणे हे पुण्याचेच काम होते. ही पिले देशात ठिकठिकाणी गेली, कावेरीतही गेली. हेतू चांगला होता. परंतु ज्या नदीत स्वतःचा महसीर होता, तिथे दुसऱ्या खोऱ्यातला महसीर सोडला गेला आणि घरच्या माशावर संकट आले. उजनीच्या पाण्यात चिलापी कशी माजली, हे तिथल्या मच्छिमारांना विचारा. बाहेरचा मासा पाण्यात पडला की पुन्हा काढता येत नाही. तेव्हा मासा सोडणे म्हटले तरी कोणता मासा, कोणत्या पाण्यात, हे पाहावेच लागते.

आपल्याकडे मासा न मारण्याची रीत साहेबाकडून आलेली नाही. देहूला आणि आळंदीला घाटाजवळचे मासे धरावयाचे नाहीत, हा रिवाज जुना आहे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड म्हणून डोह आहे. तिथले महसीर वरदायिनी देवीचे मानले जातात, म्हणून ते निर्धास्तपणे माणसाच्या हाताशी येतात. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसेश्वराच्या डोहातही तसेच. या डोहांत मासा वाढतो, म्हातारा होतो. मोठी मादी सर्वांत जास्त अंडी देते. म्हणजे भिंतीवर लावण्याजोगा मासा हाच नदीचे बियाणे असतो. शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. चांगले कणीस तो खात नाही, बेण्याला ठेवतो.

परंतु सोडलेला मासा जगण्यासाठी पाणीही जिवंत पाहिजे. पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला. पुढे औद्योगिक वसाहती झाल्या, चाकणपर्यंत पसरल्या, लाखो माणसांना रोजगार मिळाला. त्याबरोबर सांडपाणीही नदीत आले. अलीकडच्या वर्षांत आळंदीला वारकऱ्यांच्या समोर इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना सर्वांनी पाहिला आहे. घाटावर मासा मारू नका असा नियम आपण पाळतो, आणि वरच्या अंगाने त्याचा श्वास कोंडेल असे पाणी सोडतो. मग ती रीत पाळली असे कसे म्हणावे?

तर मग करावे काय? माझे मत असे. आपोआप मेलेला मोठा मासा मिळाला आणि जवळ संग्रहालय किंवा कॉलेज असेल, तर तो त्यांना द्यावा. पेंढा भरणे तिथेच शोभते. हौस भागवावयाची असेल तर मापावरून केलेली प्रतिकृती पुरे. जिवंत महसीर मात्र त्याच्याच नदीत परत जावा. गळ काढताना मासा पाण्यातच ठेवावा, हात ओले करून धरावा, कल्ल्यांत बोटे घालू नयेत. दमलेला मासा तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरावा. त्याच्या अंगात बळ आले की तो आपणच निसटतो.

शिक्षकबंधुभगिनींना एक सुचवितो. मासा न तोलता त्याचे वजन काढण्याचा एक ढोबळ हिशेब आहे. लांबी आणि घेर इंचांत मोजा. घेराचा वर्ग करून लांबीने गुणा आणि 800 ने भागा. येईल ते वजन पौंडांत. लांबी 40 इंच आणि घेर 24 इंच असेल, तर 28.8 पौंड, म्हणजे सुमारे 13 किलो. हे गणित मुलांकडून करून घ्या. गावच्या मच्छिमाराला शाळेत बोलवा. कोणता मासा कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात मिळतो, पूर्वी कोणता मिळे आणि आता मिळत नाही, हे त्याच्या तोंडून ऐकून, त्यानेच सांगितलेल्या नावांनी एका वहीत लिहा. साइक्ससाहेबांनी इथे येऊन याहून निराळे काय केले? तशी वही आज पवनेकाठी, इंद्रायणीकाठी, भामेकाठी प्रत्येक शाळेत असली, तर नदीतून काय गेले आणि काय राहिले, हे शंभर वर्षांनी शोधत बसण्याची पाळी आपल्या नातवंडांवर येणार नाही.