'जागा विश्वासार्ह नाही': एका त्रुटीची कुळकथा

कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे नेटवर्क शेअरवर ठेवलेला प्रोजेक्ट व्हिज्युअल स्टुडिओत उघडला, की प्रोजेक्टची जागा मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रणालीच्या दृष्टीने पूर्ण विश्वासार्ह नसल्याची सूचना येत असे. ती ओलांडून प्रोग्राम चालवला, तर तो मधेच 'सिक्युरिटी एक्सेप्शन' देऊन बंद पडे. तोच प्रोग्राम सी ड्राइव्हवर कॉपी केला की बिनतक्रार चाले. कोडमध्ये एका अक्षराचाही फरक नसताना असे होई, कारण तपासणी कोडची नव्हती, त्याच्या पत्त्याची होती.

पत्त्यावरून विश्वास ठरवण्याची ही रीत ब्राउझरकडून आली. 1990च्या दशकाच्या मध्यावर वेबपानांतून प्रोग्राम थेट संगणकावर उतरू लागले. जावाने परक्या ॲपलेटला बंदिस्त चौकटीत ठेवले. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्सने डिजिटल सही पाहण्याचा मार्ग धरला, पण एकदा होकार मिळाला की त्या कोडला सगळे रान मोकळे. 1997 सालच्या इंटरनेट एक्सप्लोरर 4 मध्ये झोन आले: इंटरनेट, स्थानिक इंट्रानेट, विश्वासू साइट आणि प्रतिबंधित साइट. खुद्द आपला संगणक हा आणखी एक, न दिसणारा झोन.

2002 साली डॉटनेट फ्रेमवर्क आले आणि त्याच्या 'कोड ॲक्सेस सिक्युरिटी'ने हेच झोन प्रत्येक डॉटनेट प्रोग्रामला लावले. प्रोग्राम कोण चालवतो एवढ्यावर न थांबता तो कुठून आला, हेही रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालवणारा डॉटनेटचा भाग, पाहू लागला. स्थानिक डिस्कवरच्या कोडला पूर्ण विश्वास मिळे, इंट्रानेटवरच्या कोडला मोजक्याच परवानग्या. विंडो दाखवणे चाले. पण लॉग फाइल लिहिण्याची किंवा डेटाबेसशी जोडणी करण्याची ओळ आली की परवानगी नाकारली जाई. शेअरला झेड ड्राइव्ह म्हणून जोडले तरी रनटाइमला त्यामागचा सर्व्हर दिसतच असे. सर्व्हरचे साधे नाव वापरले तर तो इंट्रानेटमध्ये गणला जाई. तोच सर्व्हर आयपी पत्त्याने किंवा पूर्ण डोमेन नावाने लिहिला, तर नावातल्या टिंबांमुळे थेट इंटरनेट झोनमध्ये जाई आणि परवानग्या आणखी आटत. शेजारच्या खोलीतला सर्व्हर परका ठरण्याचे हे कारण अनेकांच्या लक्षातही येत नसे.

यावरचा उपाय 'कॅसपोल' या कमांड लाइनवरच्या साधनात होता. त्याने मशीनच्या धोरणात नवा कोड ग्रुप जोडून ठरावीक शेअरच्या पत्त्याला 'फुल ट्रस्ट' देता येई. पत्त्याच्या शेवटी तारांकन घातले की खालचे सगळे फोल्डरही त्यात येत. हा बदल सर्व्हरवर करून उपयोग नसे. प्रोग्राम ज्या संगणकावर चालणार, तिथेच ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने करावा लागे. डॉटनेटच्या आवृत्ती 1.1 आणि 2.0 यांची धोरणे वेगळी होती. 64 बिटांच्या विंडोजवर तर 32 आणि 64 बिटांचे दोन स्वतंत्र कॅसपोल होते. एका ठिकाणी नोंद केली आणि प्रोग्राम दुसऱ्या रनटाइमखाली चालला, तर त्रुटी जशीच्या तशी राही. नवे धोरण लागू होण्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओ बंद करून पुन्हा उघडावा लागे.

घाईत अनेक जण संपूर्ण इंट्रानेट झोनलाच फुल ट्रस्ट देऊन मोकळे होत. हा उपाय घातकच होता. शेअरवर विश्वास ठेवणे म्हणजे तिथे फाइल लिहिण्याचा अधिकार असलेल्या प्रत्येकावर विश्वास ठेवणे. एकाच फोल्डरपुरती परवानगी देणे, किंवा पत्त्याऐवजी प्रोग्रामवरच्या 'स्ट्राँग नेम' या सहीच्या किल्लीवर विश्वास टेकवणे, हे अधिक शहाणपणाचे होते.

या रचनेचा पायाच कच्चा होता. डॉटनेटमध्ये न लिहिलेला साधा प्रोग्राम त्याच शेअरवरून वापरणाऱ्याच्या सर्व अधिकारांनिशी चाले. अडवणूक व्हायची ती फक्त डॉटनेटची. अखेर 2008च्या डॉटनेट 3.5 सर्व्हिस पॅक 1 ने शेअरवरून थेट चालवलेल्या प्रोग्रामला पूर्ण विश्वास दिला. 2010च्या डॉटनेट 4 ने मशीनवरचे हे धोरण मुळातच बाजूला ठेवले. त्या आवृत्तीत दुरून असेंब्ली, म्हणजे डॉटनेट कोडची फाइल, लोड करायची असेल, तर कॉन्फिग फाइलमध्ये 'लोडफ्रॉमरिमोटसोर्सेस' चालू करावे लागे. पुढच्या डॉटनेट कोअरमध्ये कोड ॲक्सेस सिक्युरिटी उरलीच नाही.

प्रश्न मात्र दुसऱ्या दाराने परतला. एप्रिल 2022 मध्ये कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या साधनाच्या 2.35.2 आवृत्तीने रिपॉझिटरीचा, म्हणजे कोडच्या फोल्डरचा, मालक तपासायला सुरुवात केली. सामायिक संगणकावर कुणी वरच्या फोल्डरमध्ये स्वतःची गिट रचना पेरून ठेवली, तर तिच्या कॉन्फिगमधली कमांड दुसऱ्याच्या नावाने चालू शकत होती. ती फट यामुळे बुजली. शेअरवरच्या फोल्डरची मालकी बहुधा दुसऱ्याच खात्याकडे असल्याने तिथे काम करणाऱ्यांना संशयास्पद मालकीची त्रुटी दिसू लागली. त्यासाठी 'सेफ डिरेक्टरी' या सेटिंगमध्ये त्या फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहावा लागतो. रिपॉझिटरीच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये ही नोंद केली, तर गिट ती जुमानत नाही; ती वापरणाऱ्याच्या किंवा संगणकाच्या कॉन्फिगमध्ये करता येते. मार्गाऐवजी नुसते तारांकन दिले, तर मालकीची तपासणी सर्वच फोल्डरांसाठी बंद होते.