गाणे गेले, वाद्य उरले

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. रात्रीची जेवणे आटोपल्यावर ओसरीवर बसून त्याने मोबाईलवर एक गाणे लावले आणि म्हणाला, "मामा, डोळे मिटून ऐका आणि हे कुठले ते सांगा." मी डोळे मिटले. आधी नुसता ढोलाचा संथ ठोका. मग कोणी घशाच्या तळातून गुरगुरावे तसा आवाज, त्यावर एका बाईचा उंच, स्वच्छ सूर आणि मध्येच ढालीवर भाले आपटावेत तसा खणखणाट. मी म्हटले, "कुठल्या तरी डोंगरातले देवीचे जागरण दिसते." भाचा खो खो हसला. "मामा, हे हायलुंग! एक डॅनिश, एक जर्मन आणि एक नॉर्वेची बाई. दोन हजार वर्षांपूर्वी जर्मन टोळ्या गात होत्या तेच संगीत आहे हे."

या शेवटच्या वाक्यापाशी माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. दोन हजार वर्षांपूर्वीचे? मग ते या तिघांना कोणी शिकविले? भाच्याला उत्तर देता आले नाही आणि मलाही. त्या एका प्रश्नापायी पुढे वर्षभर जे हाती लागले ते वाचीत गेलो. त्यातले काही आज वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम हे सांगायला हवे की, त्या काळचे जर्मन म्हणजे एक देश, एक राजा, एक झेंडा असे काही नव्हते. राईन नदीच्या पलीकडच्या अरण्यांत, डेन्मार्कात, स्कँडिनेव्हियाच्या दक्षिण भागात राहणाऱ्या अनेक टोळ्यांना रोमन लोकांनी दिलेले ते एक नाव. या टोळ्यांनी स्वतःविषयी जवळजवळ काहीच लिहून ठेवले नाही. लिहिले ते शत्रूने. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने इ. स. ९८ मध्ये 'जर्मानिया' नावाचे लहानसे पुस्तक रचले. तो स्वतः त्या मुलखात गेल्याचा पुरावा नाही, पण ऐकीव माहिती त्याने मोठ्या गोडीने नोंदविली आहे. तो सांगतो की, या लोकांजवळ इतिहास म्हणून जे काही आहे ते म्हणजे त्यांची जुनी गाणी, दुसरी बखर नाही. लढाईला निघताना ते ढाल तोंडासमोर धरून एक घोष करीत. आवाज ढालीवर आपटून घुमे, फुगे, आणि तो कसा उमटला यावरून आजचा दिवस कोणाचा हे ते आधीच ताडीत.

इ. स. ९ मध्ये ट्यूटोबुर्गच्या अरण्यात आर्मिनियस नावाच्या जर्मन सरदाराने रोमच्या तीन सबंध पलटणी कापून काढल्या. सम्राट ऑगस्टसने हाय खाल्ली. आर्मिनियस पुढे आपल्याच नातलगांच्या हातून मेला, पण त्याची गाणी अजून गाइली जातात, असे टॅसिटसने जवळजवळ शंभर वर्षांनी लिहून ठेवले. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा जसा आपल्याकडे अज्ञानदासाने केला, तसेच ते असले पाहिजे. फरक एवढाच की, आपला पोवाडा कागदावर उतरला. आर्मिनियसच्या गाण्याची एक ओळही उरली नाही. पुढे सम्राट शार्लमेनने आपल्या लोकांची जुनी राजगीते लिहवून घेतली होती, असे त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो. तो संग्रहही नाहीसा झाला. एखाद्या घरातली फडताळे एकामागून एक उघडावीत आणि प्रत्येक रिकामे निघावे, तसा हा शोध आहे.

शब्द गेले, चाली तर त्याहून आधी गेल्या. मग उरले काय? वाद्ये उरली, तीही बहुतेक चिखलात आणि थडग्यांत.

१७९७ साली डेन्मार्कमध्ये दलदलीतले जळणाचे पीट खणताना ब्रूडेवेल्टे या ठिकाणी काशाची सहा प्रचंड शिंगे सापडली. बैलाच्या शिंगासारखी वळलेली, दोनदोनच्या जोडीने केलेली, एकाचे वळण डावीकडे तर जोडीदाराचे उजवीकडे. त्यांना 'लूर' म्हणतात. आपल्या तुतारीच्या किंवा शिंगाच्या कुळातले हे वाद्य जवळजवळ अठ्ठावीसशे वर्षांचे आहे आणि आजही फुंकले तर वाजते! (डेन्मार्कच्या एका प्रसिद्ध लोण्याचे 'लुरपाक' हे नाव यावरूनच पडले. इतिहास कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही.) पण हे लूर ओतणारे लोक कोणती भाषा बोलत होते, ते स्वतःला काय म्हणवीत होते, हे कोणताही लूर सांगत नाही.

दुसरी हकीकत इंग्लंडातली. तिथे जाऊन वसलेले अँग्लो-सॅक्सन हेही जर्मन टोळ्यांपैकीच. १९३९ साली सफोकमधल्या सटन हू येथे एका टेकाडाखाली सबंध जहाजच पुरलेले सापडले आणि त्यात मॅपल लाकडाचे काही तुकडे मिळाले. ते एका तंतुवाद्याचे आहेत एवढे कळले. पंडितांनी १९४८ मध्ये त्यावरून एक चौकोनी हार्प जुळविली. ती वाजली, लोकांनी टाळ्या दिल्या. पुढे १९७०च्या सुमारास तेच तुकडे पुन्हा तपासले आणि लक्षात आले की ही हार्प नव्हेच, ही लायर! लांबट पाटी, वर दोन हात, त्यांना जोडणारी आडवी पट्टी आणि सहा तारा. पहिली जुळणी मुकाट्याने मागे घेतली गेली. मला ही गोष्ट फार आवडली. चूक झाली, ती दिसली, ती दुरुस्त केली. वर्गात फळ्यावरचे उत्तर पुसताना पुष्कळ शिक्षकांचा हात जड होतो, माझाही होतो.

आणि मग २००१-०२ च्या हिवाळ्यात दक्षिण जर्मनीतल्या ट्रोसिंगेन गावी एक थडगे उघडले. आत एका योद्ध्याचा सांगाडा, त्याची शस्त्रे आणि जवळजवळ सबंध राहिलेली लायर. ओल्या मातीने तिला चौदाशे वर्षे सांभाळले होते. थडग्याच्या लाकडांतली वर्षवलये मोजून इ. स. ५८० हे साल निश्चित झाले. लायरची लांबी ऐंशी सेंटीमीटर, खुंट्या सहा, तारांखालची लाकडी घोडीसुद्धा शाबूत. दर्शनी अंगावर कोरलेले दोन गट, सहासहा योद्ध्यांचे, मध्ये उभा भाला. वापरून वापरून झिजल्याच्या खुणाही तिच्यावर आहेत. म्हणजे ही शोभेची वस्तू नव्हती. तो माणूस लढत होता आणि वाजवीतही होता. काय वाजवीत होता, हे मात्र तो बरोबर घेऊन गेला.

शब्दांचा एक चिमूटभर साठा मात्र अचानक मिळाला. १८४१ साली मेर्सेबुर्गच्या कॅथीड्रलच्या ग्रंथालयात गेओर्ग वाइट्स या इतिहासकाराला एका जुन्या धर्मग्रंथाच्या कोऱ्या पानावर दहाव्या शतकात कोणी उतरवून ठेवलेले दोन मंत्र दिसले. परीकथांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या याकोब ग्रिमने ते पुढल्या वर्षी प्रसिद्ध केले. एक मंत्र बंदिवानाच्या बेड्या तुटाव्यात म्हणून. दुसरा घोड्याचा पाय मुरगळला असता तो सांधावा म्हणून. हाडाशी हाड, रक्ताशी रक्त जुळावे, असा त्याचा आशय. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात रोहिणी वनस्पतीचे सूक्त आहे, त्यातही मोडलेले अंग सांधताना मज्जेशी मज्जा, कातडीशी कातडी जुळावी अशी प्रार्थना आहे. हे साम्य आडाल्बेर्ट कून या जर्मन पंडिताने १८६४ मध्येच दाखविले. दोघांचे मूळ एक, की हाड मोडले म्हणजे जगातला कोणताही वैदू असेच म्हणणार, यावर पंडित अजून भांडतात. मला वाचताना मात्र अंगावर शहारा आला, हे कबूल करतो.

याच शहाऱ्याची भीतीही वाटायला हवी. 'आपण सारे एका कुळाचे' या कल्पनेतूनच पुढे 'आम्हीच काय ते शुद्ध' ही कल्पना निघाली. जर्मन लोकांत परक्या रक्ताची सरमिसळ नाही, असे एक वाक्य टॅसिटस लिहून गेला होता. नात्झींनी गाण्यांचे वाक्य सोडले आणि ते तेवढे उचलले. हिमलरने १९३५ साली पूर्वजांच्या शोधासाठी एक संस्थाच काढली. रूण नावाची जुनी जर्मन लिपी एस्. एस्. च्या गणवेशावर चढली. आपण दिवाळीला रांगोळीत ज्या स्वस्तिकाला हळदकुंकू वाहतो, तो त्यांनी १९२० मध्ये पक्षाचे निशाण म्हणून घेतला. जुन्या जर्मन सोन्याच्या पदकांवरही तो असे. १९४३ च्या शरद ऋतूत तर हिमलरची माणसे इटलीत एका सरदार घराण्याचा वाडा धुंडाळीत होती. कशासाठी? 'जर्मानिया'च्या एका मोलाच्या हस्तलिखितासाठी! युद्ध हातचे जात होते आणि हे पोथी शोधीत होते. ती त्याच घराण्याच्या दुसऱ्या वाड्यात, येसी गावी, तळघरातल्या पेटीत होती. त्यांना मिळाली नाही. आज ती रोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

असल्या हातांतून गेलेली चिन्हे पुन्हा हातात घेणे सोपे नव्हते. ऊगेनवाइडे या हांबुर्गच्या मंडळाने १९७४ मध्ये मेर्सेबुर्गचे मंत्र नव्या चालीवर म्हटले. नॉर्वेच्या आइनार सेल्विकने 'वार्द्रुना' मंडळ काढले आणि रूण लिपीच्या चोवीस अक्षरांवर गाणी करायला घेतली. २००९, २०१३ आणि २०१६ अशा तीन संचांत ती पुरी झाली. जुन्या काळची हुबेहूब नक्कल आपण करीत नाही, हे सेल्विक स्वतःच सांगत असतो. ते खरेच आहे. या मंडळी ज्या घोड्याच्या केसांच्या तारांचे वाद्य गजाने वाजवितात, तो गज युरोपात आला दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास. आर्मिनियसने तो पाहिलाही नसेल.

आणि भाच्याचे हायलुंग? या जर्मन शब्दाचा अर्थ 'बरे होणे'. २०१४ मध्ये सुरू झालेले हे मंडळ हाडे, ढाली, कातडी ढोल वाजविते. त्यांच्या कार्यक्रमाआधी धूप फिरवितात आणि माणसे, पशू, झाडे, दगड ही सारी भावंडे आहेत असे म्हणून मग गायला लागतात. नात्झींच्या 'शुद्ध' रक्ताला याहून नेमके उत्तर मला सुचले नसते. त्यांच्या वाद्यांत आपल्याकडच्या देवपूजेची घंटा आहे आणि रावणहत्थाही आहे! राजस्थानातले भोपे वाजवितात तो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या जर्मन अरण्यात रावणहत्था कुठून यायचा? पण मला तोच पुरावा वाटला. जो शुद्धतेचा दावा करतो तो रावणहत्था लपवील. हे तो रंगमंचावर उघड वाजवितात. २०२२ च्या त्यांच्या संचात तर सीरियातल्या उगारित येथे सापडलेल्या, सुमारे चौतीसशे वर्षांच्या मातीच्या पाटीवरचे देवीचे स्तोत्र आहे. त्या पाटीवर तारांची नावे आणि खुणा कोरलेल्या आहेत, तरी तिची चाल प्रत्येक पंडित वेगळी लावतो. लिहिलेल्याची ही कथा, मग न लिहिलेल्याचे काय!

यंदाही भाचा आला आहे. काल त्याला हे सारे सांगितले. "म्हणजे मामा, सगळे खोटेच की!" तो हिरमुसला. मी म्हटले, "लायर खोटी नाही, मंत्र खोटा नाही. मधली चाल आजच्या माणसाची आहे, आणि ती तशी आहे हे ते सांगतात. खोटे होते ते तुझे गेल्या वर्षीचे वाक्य."

मग त्याला एक गंमत दाखविली. हुकबाल्ड नावाच्या एका ख्रिस्ती साधूने नवव्या शतकात सहा तारांच्या वाद्याचे स्वर लावण्याची रीत लिहून ठेवली आहे. ट्रोसिंगेनच्या लायरच्या प्रतिकृती वाजविणारे पुष्कळजण तीच रीत उसनी घेतात. आमची जुनी बाजाची पेटी माळ्यावरून काढली, धूळ झटकली आणि त्या रीतीप्रमाणे त्याला एकेक पट्टी दाबायला सांगितली. सा, रे, ग, म, प, ध. सगळे शुद्ध.

"आणि नी?" त्याने विचारले.

"तिथे तारच नाही."

तो बराच वेळ त्या सहा पट्ट्यांवर बोटे फिरवीत बसला होता. आतून बहिणीने चकल्या खायला हाक मारली तरी उठेना.