मेन स्ट्रीट कार्यक्रम

मेन स्ट्रीट कार्यक्रम : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लहान शहरांच्या व खेड्यांच्या जुन्या बाजारपेठा स्थानिक रहिवासी, दुकानदार आणि इमारतमालक यांच्या पुढाकाराने पुन्हा नांदत्या करण्याची नियोजनपद्धती. ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन’ या वारसा-जतन संस्थेने १९७७ मध्ये तिचा पहिला प्रयोग हाती घेतला. जुन्या इमारतींचे जतन आणि पेठेचा व्यापार ही दोन कामे एकमेकांवाचून टिकत नाहीत, या गृहीतकावर ती उभी आहे.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींचा प्रसार झाला आणि वस्ती उपनगरांकडे सरकली. १९५६ च्या महामार्ग कायद्यानंतर लांबची वाहतूक अनेक गावांच्या बाहेरून जाऊ लागली. त्याच वर्षी मिनेसोटातील एडायना येथे ‘साउथडेल’ हा पूर्णपणे बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. १९६२ मध्ये आर्कान्सातील रॉजर्स येथे वॉलमार्टचे पहिले दुकान निघाले. गिऱ्हाईक तिकडे वळल्यावर पेठेतील दुकानदारांनी मॉलसारखे दिसण्यासाठी विटांच्या नक्षीदार दर्शनी भागांवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले. काही नगरपालिकांनी मुख्य रस्ता वाहनांना बंद केला, तर काहींनी नूतनीकरणाच्या नावाखाली जुन्या इमारती पाडून वाहनतळ केले. तरीही व्यापार परतला नाही. वरचे मजले रिकामे पडले, भाडे घटले आणि डागडुजी थांबली.

प्रारंभ : ट्रस्टच्या शिकागो येथील मध्य-पश्चिम कार्यालयाच्या प्रमुख मेरी मीन्स यांनी या प्रश्नावर तीन वर्षांचा प्रायोगिक प्रकल्प आखला. त्यासाठी इलिनॉयमधील गेल्सबर्ग, इंडियानातील मॅडिसन आणि साउथ डकोटातील हॉट स्प्रिंग्ज ही गावे निवडण्यात आली. गेल्सबर्ग हे रेल्वेचे गाव, मॅडिसन ओहायो नदीकाठचे जुने बंदर, तर हॉट स्प्रिंग्ज गरम पाण्याच्या झऱ्यांचे व वालुकाश्मी इमारतींचे. प्रत्येक ठिकाणी पेठेपुरता एक पूर्णवेळ व्यवस्थापक नेमण्यात आला. मॉलला एक व्यवस्थापन असते, तिथे दुकानांच्या वेळा, जाहिरात आणि स्वच्छता एका सूत्राने चालतात. पेठेत मात्र शंभर मालक आणि शंभर मते. ही उणीव व्यवस्थापकाने भरून काढावी, अशी कल्पना होती. या अनुभवावरून १९८० मध्ये ‘नॅशनल मेन स्ट्रीट सेंटर’ स्थापन झाले आणि कोलोरॅडो, जॉर्जिया, मॅसॅच्युसेट्स, नॉर्थ कॅरोलायना, पेनसिल्व्हेनिया व टेक्सस या सहा राज्यांत कार्यक्रम सुरू झाला.

कार्यपद्धती : कार्यक्रमाची चार अंगे आहेत. संघटन म्हणजे दुकानदार, मालक, बँका, नगरपरिषद आणि रहिवासी यांना एका संस्थेत आणणे. प्रसिद्धी या अंगात जत्रा, आठवडी शेतमाल बाजार, सणासुदीची विक्री असे उपक्रम येतात. आराखडा व रूप यात दर्शनी भागांची दुरुस्ती, पाट्या, पदपथ आणि दिवे यांचा विचार होतो. आर्थिक चैतन्य या अंगाखाली चालू धंद्यांना आधार देणे, नवे धंदे आणणे आणि वरच्या मजल्यांवर पुन्हा राहती घरे करणे ही कामे येतात. पारंपरिक रचनेत प्रत्येक अंगासाठी स्वयंसेवकांची समिती असते. स्थानिक संस्था बहुधा ना-नफा तत्त्वावर चालते. राज्य पातळीवरील कार्यालय प्रशिक्षण व तज्ज्ञांचा सल्ला देते. गावाने काय करायचे हे गावच ठरवते.

नियोजनाची सुरुवात पाहणीने होते : कोणता गाळा रिकामा आहे, मालक कोण, गावकरी कोणती खरेदी बाहेरगावी करतात. त्यानंतर जाहीर बैठकांत प्राधान्यक्रम ठरतो. वार्षिक कार्ययोजनेत प्रत्येक कामापुढे जबाबदार व्यक्ती, खर्च आणि मुदत लिहिलेली असते. एकाच मोठ्या प्रकल्पावर विसंबण्याऐवजी एखादी पाटी, एखादी खिडकी, एखादा गाळा अशा डोळ्यांना दिसणाऱ्या लहान कामांपासून आरंभ करावा, हा पद्धतीचा मूळ नियम आहे. अशा कामांमुळे शेजारचा मालकही खर्चाला तयार होतो, असा त्यामागचा हिशेब असतो.

अर्थव्यवस्था : निधी सदस्यवर्गणी, नगरपालिकेचे अनुदान, देणग्या आणि काही ठिकाणी पेठेतील मालमत्तांवर बसवलेला विशेष आकार यांतून उभा राहतो. दर्शनी भागांसाठी लहान अनुदाने व फिरत्या निधीतून अल्पव्याजी कर्जे दिली जातात. नोंदणीकृत ऐतिहासिक, उत्पन्न देणाऱ्या इमारतीचे प्रमाणित पुनरुज्जीवन केल्यास खर्चाच्या २० टक्के इतकी संघीय करसवलत मिळते. हा दर १९८६ च्या कायद्याने ठरला. २०१७ च्या कायद्यानंतर ही सवलत पाच वर्षांत विभागून दिली जाते.

बोनापार्टचे उदाहरण : आयोवातील डे मॉइन नदीकाठचे बोनापार्ट हे पाचशेच्या आत लोकवस्तीचे खेडे. १९८० च्या दशकातील शेतीसंकटात पेठेतील दुकाने बंद पडली, तेव्हा गावकऱ्यांनी भागभांडवल जमवून कंपनी काढली, मुख्य रस्त्यावरील रिकाम्या इमारती विकत घेतल्या आणि त्यांत किराणा व हार्डवेअरसह दुकाने सुरू केली. पुढे गाव मेन स्ट्रीट कार्यक्रमात सामील झाले. खेड्याच्या पेठेला बाहेरून गुंतवणूकदार मिळत नाही, तेव्हा गिऱ्हाइकांनीच मालक होणे हा एक मार्ग ठरू शकतो, हे या प्रयोगाने दाखवले.

विस्तार व मूल्यमापन : पद्धत लहान गावांपुरती राहिली नाही. बॉस्टनमधील रॉझलिंडेल या वस्तीत १९८५ मध्ये तिचा प्रयोग झाला आणि १९९५ मध्ये बॉस्टनमध्ये शहरव्यापी कार्यक्रम सुरू झाला. राष्ट्रीय केंद्र २०१३ मध्ये ट्रस्टची उपसंस्था बनले. आता कार्यक्रम ‘मेन स्ट्रीट अमेरिका’ या नावाने ओळखला जातो.

यशाचे मोजमाप सामान्यतः नवे धंदे, रोजगार, दुरुस्त इमारती आणि गुंतवणूक यांवरून होते. मात्र हे आकडे सहभागी संस्थाच कळवतात आणि त्यांतील किती बदल कार्यक्रमामुळे झाला, हे वेगळे काढणे कठीण असते. अर्थतज्ज्ञ केनेथ स्टोन यांनी आयोवात केलेल्या अभ्यासांत वॉलमार्टच्या आगमनानंतर आसपासच्या लहान गावांची किरकोळ विक्री घटल्याचे आढळले. एवढ्या मोठ्या ओघाला पेठेची समिती एकटी अडवू शकत नाही. पेठ सुधारल्यावर भाडे वाढून जुने दुकानदारच बाहेर फेकले जाण्याचा धोकाही असतो. खेड्यांत तेच मोजके लोक प्रत्येक समितीत राबतात. व्यवस्थापकाचा पगार बंद झाला किंवा ही माणसे थकली, की आराखडा कागदावर राहतो. त्यामुळे एकदाच मिळणाऱ्या अनुदानापेक्षा दरवर्षी हमखास येणारा लहान निधी आणि नव्या कार्यकर्त्यांची तयारी यांवर या पद्धतीचे टिकणे अधिक अवलंबून असते.