डोळे फिरले म्हणजे चोरी नव्हे

आम्ही महादेवपुऱ्यात राहतो. इथे कितीतरी मुलांच्या नोकरीच्या परीक्षा घरातल्या लॅपटॉपवरच होतात. माझ्या भाचीचीही झाली. विस्कटलेली अक्षरं जुळवून शब्द ओळखायचा असा प्रश्न होता. विचार करताना ती छताकडे बघते, लहानपणापासूनची सवय. पडद्यावर सूचना आली, नजर बाहेर जातेय. तिसऱ्या सूचनेनंतर परीक्षा बंद. ती म्हणाली, "मामा, मी तर फक्त विचार करत होते!"

म्हणून आजचा विषय हा: डोळ्यांवरून विचार ओळखता येतो का, आणि माणूस हे कधीपासून करत आलाय?

सुरुवात पॅरिसची. १८७९ च्या सुमारास एमिल जावाल या नेत्रतज्ज्ञाने वाचनाचा अभ्यास मांडला. त्या काळातल्या निरीक्षणांतून लक्षात आलं की वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही. तो उडी मारतो, क्षणभर थांबतो, पुन्हा उडी मारतो. पुढे अमेरिकेत एडमंड ह्यूईने डोळ्यावर प्लास्टरची छोटी वाटी बसवली, तिला ॲल्युमिनियमची हलकी काडी जोडली आणि काजळी धरलेल्या कागदावर या उड्या उमटवल्या. वाचणाऱ्याचे हाल विचारू नका! १९०१ मध्ये डॉज आणि क्लाइन यांनी डोळ्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा फोटो घेतला आणि त्या वाटीतून सुटका झाली.

मग आला रशियातला आल्फ्रेड यारबुस. त्याने लोकांना रेपिनचं एकच चित्र दाखवलं. घरात अचानक परतलेला माणूस, असा प्रसंग. माणसांची वयं विचारली, तर नजर चेहऱ्यांवर गेली. घरची सांपत्तिक स्थिती विचारली, तर सामानावर आणि कपड्यांवर. चित्र तेच, प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलली. त्याचं पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आलं.

आता कोड्याकडे येऊ. ही अक्षरं बघा: वा, र, ळ, वि, र. यातलं एक फालतू आहे, उरलेल्या चारांचा शब्द करा. जमलं? रविवार! तुम्ही म्हणाल, एकदम सुचलं. टोरोंटो विद्यापीठातल्या एलिस, ग्लाहोल्ट आणि राइनगोल्ड यांनी २०११ मध्ये इंग्रजी अक्षरांवर असाच प्रयोग केला. उत्तर देण्याआधी काही सेकंद लोकांची नजर फालतू अक्षरावर कमी कमी थांबू लागली होती. "एकदम सुचलं" म्हणणाऱ्यांचंही तेच. म्हणजे आपल्याला कळण्याआधीच डोळ्यांनी ळ बाजूला ठेवलेला असतो.

आपल्या बेंगळुरूचाही यात वाटा आहे. भारतीय विज्ञान संस्थेतल्या आकाश अग्रवाल, के. व्ही. एस. हरी आणि एस. पी. अरुण यांनी २०२० मध्ये विस्कटलेल्या शब्दांवर काम प्रसिद्ध केलं. असा शब्द ओळखायला किती वेळ लागेल, हे तो मूळ शब्दापेक्षा नजरेला किती वेगळा दिसतो यावर बरंच अवलंबून असतं, असं त्यातून दिसलं. कोड्यातला बराचसा विचार बघण्यातच चाललेला असतो.

मग भाची छताकडे का बघत होती? १९९८ मध्ये आर्थर ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रश्न अवघड होत गेला तशी माणसं नजर जास्त वळवतात. डोळे मिटायला सांगितलं, तर आठवतंही जास्त. समोरचं दृश्य बंद केलं की डोक्याला मोकळीक मिळते.

या सव्वाशे-दीडशे वर्षांतून मी एवढंच शिकलो: डोळे विचार दाखवतात, पण बघणाऱ्याला प्रश्न काय होता हे माहीत हवं. यारबुसला ते माहीत होतं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला फक्त बुबुळ कुठे गेलं ते दिसतं. चोरून बघणारा आणि आठवणारा, दोघेही त्याला सारखेच.

भाचीने तक्रार अर्ज केलाय. त्यात १९९८ चा तो प्रयोग मी मुद्दाम घालायला लावला. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर तुमच्या घरातलं पोर अभ्यास करताना छताकडे बघत असेल, तर "लक्ष कुठाय तुझं?" म्हणण्याआधी दहा आकडे मोजा. भेटू पुढच्या भागात.